आईला नेरुळला आणू, की उरणलाच राहू देऊ?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई ४४ वर्षांच्या, नेरुळला टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहतात, बेलापूरला नोकरी, घरात नवरा आणि दहावीतला मुलगा. आई ७२ वर्षांची, उरणला बाजारपेठेच्या मागच्या आळीत जुन्या घरात एकटी राहते. वडील पोर्टात नोकरीला होते, तीन वर्षांपूर्वी गेले. भाऊ पुण्याला. गेल्या पावसाळ्यात आईला चक्कर आली, ती पायरीवरच बसून राहिली, शेजारच्या भाभींनी रिक्षा करून डॉक्टरकडे नेलं आणि ताईंना हे कळलं संध्याकाळी, तेही भाभींच्या फोनवरून. मग एका हळदीत कुणीतरी चारचौघांत म्हणालं, "लेक एवढी जवळ, आणि आई एकटी?" ते ताईंना फार लागलं. त्यांनी आईला नेरुळला आणून ठेवलं. दोन महिने आई गप्प गप्प, टीव्हीसमोर, आणि मग तुळशीच्या लग्नाचं निमित्त काढून जी गेली ती परत आलीच नाही. म्हणते, लेकीकडे किती दिवस राहायचं. भाऊ म्हणतो घर विकून टाकू, विमानतळ झालाय, आता भाव चांगला येईल. ताईंचा प्रश्न एवढाच, आईला समजवायचं कसं?

ताई, तुमच्या पत्रात आईच्या तब्येतीबद्दल जेमतेम दोन ओळी आहेत, बीपीची गोळी चालू आहे आणि गुडघा दुखतो. बाकी सगळं पत्र भाभींचा फोन, हळदीतलं ते बोलणं, आत्या काय म्हणाल्या, ऑफिसातली मैत्रीण काय म्हणाली, यावर आहे. टोमणा म्हणून नाही सांगत मी हे. तुमच्या जागी कुणालाही तसंच वाटलं असतं, आपल्या आईला चक्कर आली आणि ते आपल्याला दुसऱ्याकडून कळलं म्हणजे पोटात खड्डा पडतोच. पण आईला धोका आहे म्हणून तिला आणायचंय, की आपल्याला लोकांचं बोलणं ऐकवत नाही म्हणून आणायचंय, हे आधी स्वतःशी वेगळं करून बघा. दोन्ही असेल, हरकत नाही. फक्त दुसऱ्या कारणासाठी ७२ वर्षांच्या बाईचं घर हलवू नये असं माझं मत आहे, कारण लोक काय, नेरुळला आणलंत तरी बोलतीलच, "चांगलं घर होतं बिचारीचं, लेकीने नेऊन कोंडून ठेवलं."

आता ते "एकटी". तुम्हीच आईचा दिवस लिहिलाय पत्रात, बहुतेक तक्रार म्हणून लिहिलाय की आई घरात कधी सापडतच नाही. सकाळी मासेवाली दारात टोपली उतरवते आणि आई नसेल तर बांगडे भाभींकडे ठेवून जाते, गुरुवारी देवळात भजन, बँकेत गेली की दोन तास येत नाही कारण पेन्शनच्या लाइनीतल्या बायकांच्या स्लिपा हीच भरून देते, एप्रिल-मेमध्ये आळीतल्या सगळ्यांचा मसाला एकत्र, मिरच्या कुणाच्या गच्चीवर वाळवायच्या ते ही ठरवते, आणि संध्याकाळी पायरीवर दोन-चार जणी असतातच. अहो, ही बाई एकटी कुठे आहे? घरात एकटी झोपते, एवढं खरं. नेरुळला मात्र तुम्ही तिघं साडेआठला बाहेर पडता आणि संध्याकाळी सातला येता, मधे दार वाजतं ते पार्सलवाल्यासाठी, आणि तोही आधी गेटवरून अ‍ॅपवर परवानगी मागून येतो. एकटी म्हणायचं तर ती त्या दोन महिन्यांत होती.

भाभींनी रिक्षा केली ती का केली हे पण बघा ना. तुम्हीच लिहिलंय की भाभींच्या मुलीच्या बाळंतपणात तुमची आई दवाखान्यात बसून होती, घरून डबा नेत होती. म्हणजे आळीत ही एक भिशीच चालू असते, तुमची आई लग्न होऊन आली तेव्हापासून हप्ते भरतेय, कुणाच्या दहाव्याला भाकऱ्या थापून, कुणाच्या पोराला शाळेतून आणून, कुणाचा नवरा कामावर असताना सासूचं बघून, आणि आता कुठे तिचा नंबर लागायला लागलाय. अशात तुम्ही म्हणता उचल आणि चल. बरं, ते भरलेलं इथे ट्रान्सफर होत नाही, सेक्टरमध्ये ती म्हणजे अकराव्या मजल्यावरची कुणाची तरी आई, बस. तिथे तिला "काकी आल्या का, मग सुरू करू" असं म्हणणारं कुणी नाही.

एक मात्र बोलते, तुम्ही दोन महिने आणलंत तेव्हा तिला खाली कोण घेऊन गेलं? नवी मुंबईत महापालिकेची ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं आहेत, बहुतेक नोडमध्ये, म्हणजे नेरुळ-बेलापूरसारख्या विभागांत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, बागेत सकाळी बायकांचे ग्रुप बसतात, काही ठिकाणी तर भजनी मंडळं पण आहेत. पण नवीन माणूस तिथे आपणहून जाऊन बसत नाही, कुणीतरी हात धरून पहिले आठ-पंधरा दिवस न्यावं लागतं आणि तेवढा वेळ तुमच्याकडे नव्हता, नोकरी आणि मुलाचं दहावीचं वर्ष, कुठून असणार. तेव्हा टॉवर वाईट आणि आळी चांगली असं काही मला म्हणायचं नाहीये.

उलट आळीचं फार कौतुक करून घेऊ नका. तुम्हीच विचार करा, आईच्या पायरीवर बसणाऱ्या त्या सगळ्या जणी वयाने केवढ्या आहेत? पासष्टच्या खाली कोणी असेल असं वाटत नाही. त्यांची मुलं उलव्याला, द्रोणागिरीला, पनवेलला फ्लॅट घेऊन गेलीत, आळीतली काही घरं कुलपात, काही भाड्याने, आणि भाडेकरू दर अकरा महिन्यांनी नवीन. भाभींचा मुलगा त्यांना घेऊन गेला तर? म्हणजे आज जो आधार आहे तो पाच वर्षांनी असेलच याची खात्री नाही. शिवाय जी आळी आईला डॉक्टरकडे नेते तीच तुम्हाला हळदीत ऐकवते, हे दोन्ही एकाच पॅकेजमध्ये येतं. छोट्या गावात लक्ष असणं आणि लक्ष ठेवणं यात फार अंतर नसतं. आणि काही गोष्टी शेजारी करू शकत नाहीत, करूही नयेत, रोजची अंघोळ घालणं, महिनाभराचं आजारपण काढणं, पैशाचे व्यवहार, एटीएमचा पिन.

म्हणून माझं मत असं की आज आईला हलवू नका, पण "राहू दे तिला तिथेच" म्हणून सोडूनही देऊ नका. मधलं काम बरंच आहे आणि त्यातलं अर्धं तुमचं स्वतःचं आहे, आईचं नाही.

तुमचं म्हणजे कसं, तुम्ही उरणला माहेरी जाता पण आळीत जात नाही. रविवारी अकराला पोचता, आईच्या हातचं जेवता, तिच्याशी बोलता, डबे भरून घेता आणि चार-पाचला निघता, दार लोटलेलं. आळीला तुम्ही दिसता त्या फक्त जाता-येता. भाभींनी संध्याकाळी फोन का केला, दुपारी का नाही, याचा तुम्हाला राग आलाय, पण तुमचा नंबर त्यांच्याकडे होता का? मला वाटतं आईच्या फोनमधून शोधून लावला असणार. तर येत्या रविवारी आधी भाभींकडे जा, आईला बरोबर न घेता. त्या दिवशी नेलंत म्हणून मनापासून आभार माना, रिक्षाचे आणि डॉक्टरचे पैसे कुणी दिले ते विचारा आणि त्यांनी दिले असतील तर तिथल्या तिथे द्या, नाही म्हणाल्या तरी द्या. पण "आमच्या आईकडे बघता म्हणून हे घ्या" असं पाकीट मात्र देऊ नका, तो त्यांना अपमान वाटेल. त्याऐवजी त्यांचं बेलापूर-नेरुळकडे काही काम असेल, हॉस्पिटलची अपॉइंटमेंट, कुणाचा फॉर्म, नातीच्या कॉलेजचं काही, ते तुम्ही करा. आणि स्पष्ट सांगा की काहीही झालं तर मला लगेच फोन करा, मीटिंगमध्ये असले तरी उचलेन, आणि मग खरंच उचला.

हळदीला, साखरपुड्याला, दहाव्याला जात जा. सगळीकडे नाही जमणार, पण आळीतल्या घरातलं असेल तर जा, निदान अर्धा तास. मला माहितीय तुम्हाला तिथे जावंसं वाटत नाही कारण परत कुणीतरी तेच विचारणार. विचारू दे. "लेक एवढी जवळ आणि आई एकटी" म्हणालं कुणी तर वाद घालू नका, कारणं देऊ नका, एवढंच म्हणा की काकी, तुम्ही सगळ्या आहात म्हणून मी तिकडे निर्धास्त असते, आणि हो, माझा नंबर घ्या तुमच्याकडे. टोमणा मारणाऱ्याला काम दिलं की तो निम्मा गार होतो. सगळे नाही होत, एखादी आत्या राहतेच, तिला सोडून द्या.

बरं जाणं आता पूर्वीइतकं अवघड नाही हे तुम्हालाही माहितीय, जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते, नेरुळहून जेमतेम पाऊण तास, नाहीतर आधी गव्हाण फाट्याला कंटेनरच्या मागे लागलो की दिवसच गेला. गाड्या मात्र हार्बरसारख्या दर पाच-दहा मिनिटांनी नाहीत, एक चुकली तर बराच वेळ बसावं लागतं, तेव्हा टाइमटेबल फोनमध्ये ठेवा. आणि रात्री-अपरात्री लोकलचा उपयोग नाही म्हणून उरणमधला ओळखीचा एक रिक्षावाला आणि एक गाडीवाला, दोघांचे नंबर तुमच्याकडे, आईकडे आणि भाभींकडे पाहिजेत.

घरातलं आता. त्या चक्करचं नीट कारण शोधलंत का? बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला झटकन उठल्यावर चक्कर येऊ शकते, डोस जास्त होत असेल, पाणी कमी पडत असेल, डॉक्टरांना बसून आणि उभं राहून असं दोन्ही वेळा बीपी बघायला सांगा. उठताना मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायचं ही सवय आईला लावा. जुन्या घरात मोरी आणि संडास बहुतेक मागच्या बाजूला आणि मधे उंबरा, पावसाळ्यात शेवाळ, तिथे पकडायला दांडी, खडबडीत लादी आणि रात्रभर जळणारा छोटा दिवा एवढं तरी या महिन्यात करून घ्या, भावाकडून पैसे घ्या त्याचे. चावीचा एक जोड भाभींकडे असू दे आणि आतली कडी रात्री लावायची की नाही हे आईशी बोला, कारण चावी असून आतून कडी असेल तर काय उपयोग. दाराच्या मागे एक कागद चिकटवा, मोठ्या अक्षरात, कुठल्या गोळ्या, कसली अ‍ॅलर्जी, डॉक्टरचा नंबर, तुमचा, भावाचा, अँब्युलन्सचा १०८ आणि पोलिसांचा ११२. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, ती पण लिहा. भाभींना आणि अजून एकीला एवढं शिकवून ठेवा की तोंड वाकडं झालं, एक हात उचलत नाही किंवा बोलणं अडखळलं तर थांबायचं नाही, लिंबू-पाणी देत बसायचं नाही, लगेच १०८ आणि मोठं हॉस्पिटल, कारण मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्यातले निम्मे रस्त्यातच जाऊ शकतात.

आईचं वय ७० च्या वर आहे म्हणजे आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, उत्पन्नाची अट नाही, आधार लागतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत यादीतल्या हॉस्पिटलमध्ये भरती झाल्यावरचा खर्च. ओपीडीची बिलं त्यात येत नाहीत हे लक्षात ठेवा. वडिलांच्या नोकरीमुळे आईला मेडिकलची काही सोय असेल तर ती आधी तपासा, म्हणजे दोन्ही एकत्र चालतात का ते कळेल. चौकशीचा नंबर १४५५५.

आता "लेकीकडे किती दिवस". तुम्ही याला जुने विचार म्हणून उडवून लावलंय. असतीलही, त्या पिढीत लेकीच्या घरचं पाणी पण पीत नसत. कायदा हा फरक करत नाही, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आईवडिलांना बघण्याची जबाबदारी मुलगा-मुलगी दोघांवर सारखीच आहे. पण मला वाटतं आईला त्यात परंपरेपेक्षा वेगळंच काही सांगायचं असेल. तुमच्या घरात तिची जागा कोणती होती? मुलाच्या खोलीत सोफा-कम-बेड, कपडे बॅगेतच, स्वयंपाकाला बाई, आणि मुलाचा अभ्यास म्हणून टीव्हीचा आवाज बारीक. स्वतःच्या घरात ताठ चालणारी बाई तिथे जपून वावरत होती. तेव्हा कायमचं या हा विषयच बंद करा आणि महिन्यातून चार दिवस या असं करा, ठरलेले चार दिवस, एक कपाट तिचं, त्यात तिचे कपडे कायम राहतील, आणि त्यातल्या एका दिवशी स्वयंपाक तिचा, बाईला सुट्टी. जुलैच्या धो-धो पावसात आठ दिवस करा. मुलाची दहावी संपली की तुम्हीही तिच्याबरोबर खाली बागेत जाऊन बसा. वर्षभर असं झालं की पुढे कधी खरंच यावं लागलं तर ती परक्या घरात नाही येणार.

आणि भाऊ. घर विकू म्हणतो तो, पण आई कुठे राहील याबद्दल त्याचं एकही वाक्य तुमच्या पत्रात नाही, हे मला खटकलं. बघा, घर वडिलांच्या नावावर असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, भाऊ आणि तुम्ही, तिघांचा सारखा हिस्सा येतो, तुमचं लग्न झालंय याने काही फरक पडत नाही. घरपट्टीवर कुणाचं नाव आहे यावरून मालकी ठरत नाही, वारस नोंद झालीय का ते काढा. तिघांच्या सह्या झाल्याशिवाय ते घर पूर्ण विकलं जात नाही. तुम्ही "मला काही नको" म्हणून हक्कसोड पत्रावर सही करायच्या विचारात आहात असं दिसतंय, मोठेपणा चांगला आहे पण आई असेपर्यंत करू नका, तुमची सही हीच तिच्या छपराची राखण आहे. आणि आईनेही आत्ता कुणाच्या नावावर बक्षीसपत्र करू नये, तुमच्याही नाही. करायचंच असेल तर माझी देखभाल करायची ही अट त्यात लिहून घ्यायची, मग ती पाळली नाही तर त्याच २००७ च्या कायद्याखाली ते रद्द करून घेता येतं. वकिलाला एकदा कागद दाखवा, हजार-दोन हजार गेले तरी जाऊ देत.

भाऊ वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. लांब असलेल्या माणसाला काम दिलं नाही की तो सल्ले देतो. त्याला रोजचं काहीतरी द्या, रात्री नऊचा फोन त्याचा, आई उचलत नसेल तर भाभींना विचारायची जबाबदारी त्याची, धुण्याभांड्याला आणि दुपारी तासभर बसायला बाई लावायची तर तिचा पगार त्याचा, आणि दिवाळी सोडून वर्षातून दोनदा आठ-आठ दिवस उरणला येऊन राहायचं.

आता ठाण्याहून, कळव्याहून, पनवेलहून मला अशीच पत्रं येतात, फक्त गाव मुरबाड असतं, शहापूर असतं, अलिबाग असतं, आणि सगळ्यांना हवं असतं एकच उत्तर, आणू की नको. तसं एक उत्तर नसतं, पण कधी आणायचं याच्या खुणा सांगता येतात. गॅस चालू राहणं एकापेक्षा जास्त वेळा झालं. गोळ्या दोनदा घेतल्या किंवा घेतल्याच नाहीत आणि ते आठवत नाही. सहा महिन्यांत दुसऱ्यांदा पडणं. ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणं. रात्री संडासला एकटीने जाता न येणं. किंवा शेजारचं ते एक मुख्य घर बंद होणं. यातलं काही झालं तर मग आळी, भजन, मसाला सगळं बाजूला, तेव्हा हलवावंच लागतं, आणि तेव्हा आई नको म्हणाली तरी तुम्हाला कठोर व्हावं लागेल.

पण हे तिला आत्ताच सांगा, ती धडधाकट असताना. जेवण झाल्यावर, टीव्ही बंद करून विचारा, आई, पुढे कधी नाही जमलं तुला एकटीला, तर तू काय ठरवलंयस? बहुतेकांनी मनात ठरवलेलं असतं हो, कुणी विचारत नाही एवढंच. ती कदाचित म्हणेल दिवसरात्र बाई ठेवा, कदाचित म्हणेल तुझ्याकडे येईन पण घर विकायचं नाही, कदाचित भावाकडे म्हणेल आणि तुम्हाला वाईट वाटेल. काही म्हणाली तरी लिहून ठेवा, तिच्यासमोर. आणि भावाला घराबद्दल फोन करायचा तो त्यानंतर, आधी नाही.